लॉगबुक वाचतं कोण?
‘पीजी (पदव्युत्तर डॉक्टरांच्या) प्रशिक्षण समितीचं अध्यक्षपद ज्येष्ठतेनुसार द्यावं’ हे लेखातलं मत पटलं नाही. मी ग्वाल्हेरची, लश्कर भागातली. भूल विभागात शिकवायचे, अशा समितीची अध्यक्षही होते. बैठकीत समोसे आणि सह्या, बाकी काही नाही. एका मुलाच्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीत, एकाच दिवशी अकरा स्पायनल (पाठीच्या कण्यात टोचून दिलेल्या भुली), आणि त्या दिवशी ऑपरेशन थिएटर बंद! खाली तीन सह्या. (एक माझीच होती, कबूल.) तेव्हापासून मुलांना एकेकटं भेटायला लागले, विभागप्रमुखांना बाहेर बसवून. पुष्कळांचा रोष घेतला. २०२१च्या तुकडीपासून एमडी-एमएसच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. नियम चांगलाच आहे. पण भिंड-मुरैनासारख्या जिल्ह्यांत त्यांना शिकवतं कोण, हे बघायला स्वतः गेलेला अध्यक्ष दाखवा मला.