काठाला चटका, मधे बर्फ: तुमच्या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

आमचा फ्रोझन चिकन रस्सा लेबलवर छापल्याप्रमाणे पाच मिनिटं मायक्रोवेव्हला लावला, काठाचा रस्सा उकळत होता आणि मधल्या तुकड्यात अजून बर्फ होता, असं तुम्ही लिहिलंत. तो सासूबाईंच्या ताटात जाणार होता हे वाचून फार वाईट वाटलं. चूक आमची आहे. माफ करा.

ती पाच मिनिटं आम्ही आमच्या १००० वॉटच्या ओव्हनवर आणि आधीच वितळलेल्या डब्यावर मोजली होती. पुष्कळ घरांत ७००-८०० वॉटचा ओव्हन असतो आणि डबा थेट फ्रीझरमधून निघतो, याचा विचारच केला नाही. त्यात आमचा डबा खोल. मायक्रोवेव्हच्या लहरी पदार्थात साधारण दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात, पुढे उष्णता हळूहळू आत जाते. शिवाय या लहरी पाणी जितक्या शोषतं तितक्या बर्फ शोषत नाही. त्यामुळे काठ एकदा वितळला की तोच तापत राहतो आणि मधला गोळा तसाच राहतो.

डबा आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर नको. घाई असेल तर आधी डीफ्रॉस्टवर लावा. मग रस्सा पसरट काचेच्या भांड्यात ओता, जाड तुकडे कडेला सरकवा, वर सैल झाकण ठेवा. दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळा, तुकडे उलटा. ओव्हन बंद झाल्यावर दोन-तीन मिनिटं झाकूनच राहू द्या. आतली उष्णता तेव्हाच सारखी होते. शेवटी सर्वांत जाड तुकडा मधोमध फोडून पाहा, आतून वाफ यायला हवी. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तिथे ७४ अंश दिसले पाहिजेत.

चिकन आम्ही पूर्ण शिजवूनच गोठवतो, तरी कोमट खाऊ नका. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्यानं वाढतात. अर्धवट तापलेला डबा संध्याकाळसाठी ठेवून देणं तर त्याहून वाईट. सोबतचा भातही उरला तर बाहेर ठेवू नका. त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

नवीन लेबल छपाईला दिलंय. तोवर प्रत्येक डब्यावर ही पद्धत हातानं लिहून देतोय. तुमचे पैसे आज परत केलेत. घरी आणखी डबे असतील आणि ते नको वाटत असतील तर कळवा, आमचा मुलगा येऊन घेऊन जाईल, त्यांचेही पैसे देऊ.