आत्याचं जोतं

सांगलीच्या विश्रामबागेतला आमचा दोन खोल्यांचा संसार मला धड झेपत नाही, हे सासूबाईंचं मत आता घरात सर्वमान्य झालंय. अशा बाईने कॉम्प्युटरवर आणखी सात संसार थाटू नयेत. पण २०२२ च्या ऑक्टोबरात 'द सिम्स ४' हा माणसं बनवून त्यांचे संसार चालवायचा गेम फुकट झाला, आणि फुकट गोष्टीला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

हातात २०,००० सिमोलियन (हे गेममधले पैसे) देऊन गेम म्हणतो, वसवा घर. मी हौसेने अख्खा गोतावळा वसवला. भाऊ-वहिनी, मावशी, जाऊबाई (त्यांना मुद्दाम लांबचा प्लॉट) आणि गावभागातली आत्या. प्रत्येक मोठ्या माणसाला तीन स्वभाव द्यायचे असतात. आत्याला 'तापट' दिला आणि उरलेल्या दोन जागांसाठी अर्धा तास घालवला.

पंचाईत अशी की आपण एका वेळी एकाच घरात हजर असतो, वय मात्र सगळ्या घरांत वाढतं. त्यात बाकीच्या घरांत आपोआप घडामोडी होऊ देण्याची एक सोय आहे, ती मी चालू ठेवली. मावशीकडे तीन दिवस काढून भावाकडे गेले, तर त्याने नोकरी सोडलेली आणि एक मूल दत्तक घेतलेलं. विचारणं नाही, सांगणं नाही. मग मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत वेळापत्रक आखलं. सोमवार भाऊ, मंगळवार मावशी. मंगळवारी मावशीच्या ओट्यावर आग लागली आणि ती विझवायची सोडून हात वर करून किंचाळत राहिली. मी तिला सूचना देत होते तेवढ्यात आमच्याकडचं दूध उतू गेलं. सासूबाईंनीही तसेच हात वर केले.

हे सगळं निभलं असतं, पण लेकीने आत्याला फोनवर सांगून टाकलं.

"मला कुठं ठेवलंयस गं?"

"विलो क्रीक नावाच्या गावात. छान आहे आत्या, समोरच नदी."

पलीकडे शांतता.

"नदी?"

"त्या नदीला पूर येत नाही. गेममध्ये तशी सोयच नाही."

"२००५ ला पाणी ओसरल्यावर इथंही सगळे म्हणाले, आता यापेक्षा जास्त येणार नाही. २०१९ ला आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती फूट झालं?"

"सत्तावन्नच्या वर."

"मग? जोतं उचल."

उचललं. गेममध्ये घराचं जोतं हवं तेवढं वर घेता येतं, पण मग पायऱ्या लागतात, पायऱ्यांना पैसे लागतात, आणि आत्याची शिल्लक संपली. बिल थकलं, वीज तुटली. मी टीव्ही विकला. हे मावशीला कळलं, तिलाही जोतं हवंय. जाऊबाईंना लांबच्या प्लॉटचं कळलंय, त्या काहीच बोलत नाहीत, ते जास्त वाईट.

परवा भाच्याबरोबर आत्याने भडंगाची पिशवी आणि निरोप पाठवला, "फ्रिज वरच्या मजल्यावर घे." घेतला. स्वयंपाकघर खालीच आहे. गेममधली आत्या आता अंडं काढायलासुद्धा जिना चढते, आणि गावभागातली आत्या रोज रात्री फोन करून विचारते, "मी वाळलेय का गं?"