कोसोव्हो स्वित्झर्लंडचं देणं लागत नाही

स्वित्झर्लंड मदत देणारा, बाल्कनमधला छोटासा देश कोसोव्हो घेणारा. या दोन देशांबद्दल लिहिताना बहुतेक जण एवढं बोलून मोकळे होतात. मला ही मांडणी मनापासून खटकते.

स्वित्झर्लंडने केलेलं मी नाकारत नाही. 1999 पासून त्यांच्या सैन्याची स्विसकॉय ही तुकडी कोसोव्होतल्या शांतिसेनेत आहे. परराष्ट्रमंत्री मिशलिन काल्मी-रे 2005 मध्येच कोसोव्होच्या सर्बियापासूनच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उघड बोलल्या. 17 फेब्रुवारी 2008 ला कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि दहा दिवसांत स्विस मान्यता आली. (भारताने ती अजून दिलेली नाही.) पाणीयोजनांना, नगरपालिकांच्या कारभाराला स्विस पैसा लागला.

पण हिशेब तिथून सुरू होत नाही. 1960 च्या दशकापासून युगोस्लाव्हियातली (कोसोव्हो तेव्हा याच देशात होता) माणसं हंगामी परवान्यावर स्वित्झर्लंडला जायची, त्यांत कोसोव्होचीही होती. बांधकामावर, हॉटेलांत, शेतांत राबायचं. बायकामुलांना सोबत न्यायची परवानगी नाही. आज कोसोव्होचं मूळ असलेले सुमारे 2 लाख लोक तिथे आहेत, आणि खुद्द कोसोव्होची लोकसंख्या 16 लाखांच्या आसपास. कोकणात गणपतीला चाकरमानी येतात तसे हे लोक जुलै-ऑगस्टमध्ये गावी येतात, लग्नं तेव्हाच उरकतात. गावातली कितीतरी घरं त्यांच्याच पैशावर उभी राहिली. परदेशातून येणारा हा कष्टाचा पैसा कुठल्याही एका देशाच्या मदतीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आता पेन्शनचं बघा. युगोस्लाव्हियाच्या काळातला सामाजिक सुरक्षा करार कोसोव्होच्या नागरिकांना लावणं स्वित्झर्लंडने एप्रिल 2010 पासून बंद केलं. त्यानंतर निवृत्त होऊन गावी परतणाऱ्याला दरमहा पेन्शन नाही. भरलेले हप्ते परत घ्या आणि विषय संपवा! नवा करार लागू झाला 1 सप्टेंबर 2019 ला. नऊ वर्षांहून जास्त काळ! तेवढ्या काळात विकासनिधी मात्र चालूच होता. आयुष्यभर राबलेल्याची हक्काची पेन्शन थांबवायची आणि त्याच्या गावाला मदत द्यायची, याला मी मैत्री म्हणणार नाही.

व्हिसाचंही तेच. शेजारच्या बाल्कन देशांना 2009-10 मध्येच माफी मिळाली. कोसोव्होतल्या आजीला मात्र झुरिकच्या नातवाला भेटायला 2023 संपेपर्यंत व्हिसा काढावा लागत होता. आता भेटीला जाता येतं, पण नोकरीसाठी परवाना लागतोच, आणि युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला तो सहजासहजी मिळत नाही. स्वित्झर्लंडने निधीचा आकडा वाढवण्याआधी हे परवाने सोपे करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.