चकलीचा मूळ देश

तुमची मुलगी न्यू जर्सीत असेल, जावई आयटीत असेल आणि नातू व्हिडिओ कॉलवर कधीतरी चुकून ‘आजी, चकली’ एवढं मराठी बोलून गेला असेल, तर अभिनंदन, तुम्ही आता निर्यातदार आहात. नागपूरच्या धरमपेठेत तुमचा फ्लेक्स लागणार नाही, पालकमंत्री शाल-श्रीफळ देणार नाहीत. पण जगातल्या मोठमोठ्या सरकारांनी तुमच्या भाजणीची दखल घेतली आहे, हे काय कमी आहे? तेव्हा फराळाचा डबा बाहेर पाठवण्याआधी चार गोष्टी नीट समजून घ्या. सल्ला फुकट आहे. त्याच्यावर अजून शुल्क लागलेलं नाही.

सगळ्यात आधी, सासूबाईंनी शिकवलेलं विसरा. मांजरपाटाची पिशवी शिवायची, लाख लावायची, काळ्या शाईनं पत्ता घालायचा, ही कला गेली. आता डबा नंतर, अर्ज आधी. पोस्टातल्या खिडकीवर भाऊ विचारतील, “काकू, आत काय आहे?” यावर “काही नाही जी, थोडंसं फराळाचं” हे उत्तर चालत नाही. ‘थोडंसं’ म्हणजे किती ग्रॅम, ‘फराळाचं’ म्हणजे काय काय, प्रत्येकाची किंमत किती आणि प्रत्येकाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा मालाचा क्रमांक, कोणता, हे वेगवेगळं लिहायचं असतं. आपल्या सीमाशुल्काच्या सूचीत पापडाला स्वतःचा आठ आकडी क्रमांक आहे: १९०५ ९० ४०. ब्रेड, केक, बिस्किटं यांच्या घराण्यात त्याची नोंद आहे. पापडानं एवढी प्रगती केली हे आपल्याला घरी बसून कळलंच नव्हतं. कुरडईचं घराणं मात्र तुम्हालाच शोधावं लागेल. सांडग्यांचंही. शोधताना चष्मा जवळ ठेवा आणि “बाप्पा, हे काय होऊन राहिलं” असं मोठ्यानं म्हणू नका. मागं रांग असते.

युरोपात कुणी असेल तर आणखी जपून. तिथं १ मार्च २०२३ पासून टपालाच्या प्रत्येक पार्सलाची माहिती विमान उडण्याआधी संगणकावर पोचावी लागते आणि नुसतं ‘भेटवस्तू’ लिहिलेलं त्यांना चालत नाही. भेट म्हणजे नेमकं काय, ते सांगा. दूधदुभत्याचे पदार्थ तर बाहेरच्या देशांतून टपालानं आणायला त्यांच्याकडे बंदीच आहे, म्हणजे पेढा हा तिथं जवळजवळ गुन्हेगार. युरोपचं एवढंच; खरी गंमत अमेरिकेची आहे.

तिथं २०१६ पासून ८०० डॉलरच्या आतलं पार्सल बिनशुल्क आत जायचं. चिनी ऑनलाइन दुकानांनी या दारातून स्वस्त कपडे आणि खेळणी अशी काही लोटली की २०२४ च्या त्यांच्या आर्थिक वर्षात अशा पार्सलांची संख्या सुमारे १३६ कोटींवर गेली. चीन आणि हाँगकाँगसाठी हे दार २ मे २०२५ ला बंद झालं. मग ३० जुलैला आदेश निघाला की २९ ऑगस्टपासून ते सगळ्या जगासाठी बंद. मासा धरायचा होता मोठा. जाळं इतकं बारीक विणलं की त्यात प्रतापनगरच्या काकूंचा चिवडा अडकला. काकू आणि चिनी ऑनलाइन कंपनी यांत फरक कसा करायचा, हे जाळ्याला कुठून कळणार? दोघीही पार्सल पाठवतात, दोघीही सणासुदीला जास्त पाठवतात.

आता वेळेचा सल्ला. आदेशात शुल्क घ्यायचं असं लिहिलं होतं. ते कोणी घ्यायचं, कसं घ्यायचं आणि अमेरिकेच्या तिजोरीत कोणत्या वाटेनं भरायचं, हे मात्र जगभरच्या टपाल खात्यांना तारीख तोंडावर आली तरी कळेना. विमान कंपन्यांनी हात वर केले: आमची तयारी नाही, टपाल घेणार नाही. आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरच्या आतल्या भेटवस्तू तेवढ्या चालू ठेवल्या. तुम्ही सुटकेचा श्वास सोडता न सोडता महिनाअखेरीस तेही बंद. मनाला लावून घेऊ नका, तुम्ही एकटे नव्हता. जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया अशा शिस्तीच्या देशांनीही पार्सलं पूर्ण किंवा अर्धवट थांबवली होती. स्वित्झर्लंडात बर्नला जागतिक टपाल संघ आहे, १८७४ चा. दोन महायुद्धं पाहिलेली संस्था. तिनं सांगितलं की ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा थोडी किंवा सगळी थांबवली आणि २९ ऑगस्टला तिकडे जाणारं टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घसरलं. नागपूर, टोकियो आणि बर्लिन एकाच रांगेत उभे राहण्याचा योग वारंवार येत नाही.

आपली सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ला. म्हणजे शासनाला तुमच्या सणाची काळजी नव्हती असं कोणी म्हणू नये. सहा दिवस आधी दार उघडलं, आता चकली समुद्रापार वेळेत पोचत नसेल तर तो चकलीचा आळस. माझा सल्ला विचाराल तर दिवाळीचा फराळ गुढीपाडव्यालाच टाका. मधल्या काळात नियम दोनदा बदलले तरी एखाद्या नियमाखाली तो दिवाळीला पोचेलच. शंकरपाळे टिकतात. अनारशांचा धोका पत्करू नका.

नागपूरकरांनी तर याबाबत अवाक्षर काढू नये. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडेपर्यंत परत जात. काल टाकलेलं पत्र आज दुसऱ्या टोकाला. अर्ज नाही, कोड नाही, शून्य मैलाच्या गावात रात्रीतून अख्ख्या देशाचं टपाल वाटून मोकळं. तेव्हा विमानं दोन पंख्यांची होती आणि संगणक नव्हते, हीच त्या सेवेची मोठी सोय असावी. आता आपल्याकडे संगणक आहेत.

किमतीचा रकाना हा या सगळ्या अर्जाचा आत्मा आहे, त्यामुळे तिथं घाई करू नका. सेवा सुरू झाली तेव्हा दर असा होता की लिहिलेल्या किमतीच्या सरसकट ५० टक्के शुल्क आणि तेही इथंच, पाठवणाऱ्यानं, आधी. आता तुमच्या फराळाची किंमत काय लिहाल? हरभरा डाळ आणि तेलाचा हिशेब धरला तर पाचशे रुपये. गॅस धरला तर सहाशे. पाठ धरली तर किती? कमी लिहिली तर विहीणबाई म्हणतील, आमच्या सुनेच्या माहेरून पाचशेचं सामान आलं. हा कागद डब्यावर चिकटलेला असतो हे विसरू नका, तो सगळ्यांना वाचता येतो. जास्त लिहिली तर तेव्हाच्या दरानं त्याच्या निम्मे पैसे खिडकीवर मोजा. मायेला पन्नास टक्के कर हा काही फार नाही, एवढा विचार करून पाकीट उघडावं.

आणि तक्रार करण्याआधी दुसरा पर्याय ऐका. टक्क्यांच्या भानगडीत पडायचं नसेल तर अमेरिकेनं पहिल्या सहा महिन्यांसाठी ठोक रकमेची सोय ठेवली होती: त्या देशावरच्या शुल्काचा दर पाहून एका वस्तूला ८०, १६० किंवा २०० डॉलर. भारताचा दर तेव्हा ५० टक्क्यांवर होता, म्हणजे आपण सगळ्यात वरच्या पायरीवर. एक डबा चिवडा, २०० डॉलर. एवढ्यात सीताबर्डीवर कपड्यांसकट अख्खी दिवाळी होते. पण सीताबर्डीवर तुम्हाला कोणी ‘वरच्या श्रेणीतला व्यापारी’ म्हणणार आहे का?

घरचं की दुकानचं, हाही प्रश्न येतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाला टपालानं येणाऱ्या खाद्यपदार्थांची आगाऊ सूचना द्यावी लागते. तुमच्या कामाची सूट एका गोष्टीला: माणसानं स्वतःच्या घरी स्वतः बनवून स्वतः प्रेमानं पाठवलेल्या खाण्याला. म्हणजे दुकानातली संत्रा बर्फी घेतलीत तर वॉशिंग्टनला आधी कळवा, घरी थापलीत तर नका कळवू. आमच्याकडे चांगली बर्फी नेमकी दुकानातच मिळते, ही अडचण त्या प्रशासनापर्यंत कोणी पोचवलेली दिसत नाही. खबरदारी म्हणून कढईसमोर झारा हातात धरून एक फोटो काढून ठेवा. घामाचे थेंब दिसले तर उत्तम.

आता मूळ देश. शुल्क पार्सल कुठून निघालं यावर लागत नाही, वस्तू कुठे बनली यावर लागतं. चकलीचं सोपं आहे: भारत. तांदूळ भंडाऱ्याचा, तिखट भिवापूरचं, हळद वायगावची, तिघांचीही वंशावळ निर्मळ. पण तुम्ही हौसेनं त्यात इतवारीतून घेतलेला आकाशकंदील ठेवता, एलईडीची माळ ठेवता, नातवासाठी चावीची गाडी ठेवता. उलटून पाहा जरा. हा कंदील चीनमध्ये जन्मला, जहाजानं मुंबईला आला, ट्रकनं नागपूरला आला, आता तुम्ही त्याला विमानानं अमेरिकेला पाठवून राहिले आणि अर्जावर लिहायचं आहे चीन. तुमच्या मुलीनं हाच कंदील तिथल्या दुकानातून घेतला असता तर त्याचा प्रवास कितीतरी कमी झाला असता. पण मग तो माहेरचा कंदील कसा म्हणायचा?

एक युक्ती सांगून ठेवतो. छापील मजकूर, पुस्तकं, अशा माहितीपर साहित्याला या नव्या शुल्कातून सूट होती. तेव्हा चकली पाठवू नका, चकलीची कृती छापून पाठवा. जावयाला तळू द्या. (सप्टेंबरात आपल्याकडून साधी पत्रंही जात नव्हती, त्यामुळे त्या महिन्यात ही युक्तीसुद्धा चालली नसती. पण युक्ती म्हणून चांगली आहे.)

एवढं वाचून वॉशिंग्टनवर रागावायच्या बेतात असाल तर थांबा, आधी दिल्लीचं ऐका. आपल्याकडेही पाच हजार रुपयांपर्यंतची परदेशी भेट बिनशुल्क यायची. चिनी संकेतस्थळांनी ‘भेट’ लिहून सगळ्या गावाला कपडे पाठवायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या परकीय व्यापार महासंचालनालयानं टपाल आणि कुरिअरनं येणाऱ्या बिनशुल्क भेटी बंदच केल्या. अपवाद दोन: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीपुढे कंसात लिहिलं आहे, राखीशी संबंधित भेटवस्तू मात्र नाहीत. हा कंस ज्या अधिकाऱ्यानं घातला त्यानं नक्कीच कुठल्यातरी बहिणीला ओवाळणीसाठी भांडताना पाहिलं असावं. डॅलसहून बहीण दोरा पाठवू शकते, दोऱ्याबरोबर बिनशुल्क चॉकलेट नाही. प्रेम धाग्यापुरतं ठेवा, खाऊ आला की तो व्यापार. दोन्ही सरकारांचं एकमेकांशी शुल्कावरून कितीही वाजो, आत्याच्या डब्याबद्दल त्यांचं मत इतकं जुळतं की व्यापार करार इथूनच सुरू करायला हरकत नव्हती.

कुरिअरवाल्यांकडे जाता येतं, हो. ते सगळं करतात: कोड शोधतात, अर्ज भरतात, शुल्क भरतात आणि या सगळ्याचं वेगळं बिल लावतात. बिल पाहिल्यावर चकली तुम्ही स्वतः खाण्याची शक्यता जास्त.

मग शहाणी माणसं काय करतात? ती टपालाच्या वाटेला जातच नाहीत. अमेरिकेचा रहिवासी स्वतःच्या बॅगेतून ८०० डॉलरपर्यंतचं सामान आजही बिनशुल्क घरी नेऊ शकतो. ते दार कोणी बंद केलेलं नाही. तीच चकली, तोच डबा, तेच गाव. डब्याला पाय असले तर तो निर्यात ठरतो, डब्याला माणूस असला तर सामान. फक्त विमानतळावर खाण्याचं आहे हे लिहून द्यायचं आणि ताजी संत्री नेण्याचा मोह आवरायचा.

त्यामुळे खरी टपाल व्यवस्था आता बजाजनगर ते मनीषनगर या पट्ट्यात चालते आणि तिची खिडकी व्हॉट्सअॅपवर आहे. कोणाचा मुलगा आला आहे, परत कधी चालला, त्याच्या बॅगेत किती जागा आहे. मुलगा येताच पहिल्या दिवशी मागू नका, असभ्य दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे घेऊन जा. “तुझ्याकडे दोन किलो बसून जाईल का रे बाबू?” असं विचारा आणि चार किलो न्या. तेवीस किलोच्या बॅगेत त्याच्या आईचे एकवीस किलो आधीच असतात, हे तिला तुमच्यासमोर सांगता येणार नाही. ती हसेल. तुम्हीही हसा. डब्यावर मुलीचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा. मुलगा शिकागोला उतरणार आणि मुलगी न्यू जर्सीत, ही बाब शेवटी, लिफ्टचं दार बंद होता होता सांगा.