शॉची पत्रं आणि फार्लीचे ठोकळे

'ती फुलराणी'मुळे बर्नार्ड शॉ आपल्याला घरचा वाटतो. पण नाटककार शॉपेक्षा पुस्तक घडवणारा शॉ मला जास्त आवडतो, आणि तो भेटतो जॉन फार्लीला लिहिलेल्या पत्रांत.

१९३२ चा मे महिना. शॉ पंचाहत्तर वर्षांचा, नोबेल मिळालेला. फार्ली जेमतेम एकतीस वर्षांचा, लाकडावर कोरीवकाम करणारा इंग्रज चित्रकार. दोघांची ओळखदेख नाही. एडिंबरातल्या आर. अँड आर. क्लार्क छापखान्याच्या विल्यम मॅक्सवेलने नाव सुचवलं, म्हणून शॉने पत्र टाकलं. सोबत एका गोष्टीची प्रुफं. वाचा, एक नमुना चित्र काढा, पाच गिनी देतो. पण त्याची खरी अट वेगळीच होती: चित्र काढून पुस्तकात चिकटवायचं नाही, तुम्ही, मी आणि मॅक्सवेल अशा तिघांनी मिळून पुस्तक करायचं.

ही अट पुरती कळायला ज्यावर चित्र कोरतात तो लाकडी ठोकळा हातात घ्यावा लागतो. बॉक्सवुडचं खोड आडवं कापलं की वलयांची बाजू वर येते. ती इतकी टणक आणि घट्ट असते की केसाएवढी रेघसुद्धा टिकते. कोरलेलं पांढरं उमटतं, राखलेलं काळं, आणि सगळं उलटं. एकदा गेलेली रेघ परत येत नाही. शिवाय ठोकळा छपाईच्या खिळ्यांच्याच, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्याच उंचीचा असतो, त्यामुळे अक्षरांच्या शेजारी बसून, त्याच शाईत, त्याच दाबाखाली छापता येतो. चित्र आणि मजकूर एका जातीचे दिसतात ते यामुळे.

पुढच्या पत्रांत शॉ स्वतः कच्ची चित्रं काढून पाठवतो, हे असं हवं, ते तसं नको म्हणून सांगतो. पण हुकूम सोडत नाही. समोरच्याच्या हातातली कला आपल्याला येत नाही याचं त्याला पक्कं भान आहे. मला या पत्रव्यवहारातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ द ब्लॅक गर्ल इन हर सर्च फॉर गॉड' हे पुस्तक त्याच वर्षी डिसेंबरात आलं. देवाच्या शोधात हातात सोटा घेऊन निघालेली आफ्रिकन मुलगी फार्लीने ताठ, निर्भय कोरली आहे. तिच्या उघड्या देहाकडे एका युरोपीय पुरुषाने बघणं आज खटकतं, आणि खटकायलाच हवं. आयर्लंडमध्ये पुस्तकावर बंदी आली तीही नग्न चित्रांमुळे, मात्र तिथली तक्रार अश्लीलतेची होती.

हे सगळं आज वाचता येतं, कारण फार्लीने पत्रं जपली आणि १९४० मध्ये आपल्या आत्मचरित्रात छापली. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ते मिळालेल्याकडे राहतं. म्हणून नाटककाराचा पत्रव्यवहार शोधायचा तर त्याच्या चित्रकाराच्या, मुद्रकाच्या, नेपथ्यकाराच्या घरी जायला हवं. आपल्याकडे नाटककाराची हस्तलिखितं तरी कोणी विचारतं. मुखपृष्ठ करणाऱ्याच्या कपाटाकडे कोण बघतं? त्याच्या माघारी ते कपाट रिकामं होतं ते रद्दीवाल्याच्या तराजूत. याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्या घरात कोणी नाटकांच्या जाहिराती, मुखपृष्ठं, नेपथ्य केलं असेल, तर जुन्या फायली टाकण्याआधी एकदा उघडा. 'रंग जरा गडद करा' एवढीच ओळ असलेली चिठ्ठीसुद्धा ठेवा. मागे तारीख आणि नाटकाचं नाव पेन्सिलीने लिहा, दोन्ही बाजू स्कॅन करा. आणि मूळ कागद कोणाला देणार असाल तर आधी पोच मागा.