कथेला 'संदेश' विचारणं बंद करा

एकांकिका आणि कथास्पर्धांच्या प्रवेशअर्जात एक रकाना हमखास असतो, 'कलाकृतीतून मिळणारा संदेश'. आपल्या सांगलीत तरी तो नसावा असं मला मनापासून वाटतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं. नाटककार देवल इथल्या हरिपूरचे, नाटककार खाडिलकर सांगलीचेच.

खाडिलकरांचं 'कीचकवध' घ्या. नाटक १९०७ सालचं, गोष्ट महाभारतातली. सैरंध्रीवर डोळा ठेवणारा कीचक, सबुरीनं घ्या म्हणणारा धर्मराज, दातओठ खाणारा भीम. इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं नाव कुठेही नाही. तरी कीचक म्हणजे कर्झन, हे प्रेक्षकांना कळलं आणि सरकारलाही कळलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. आपल्या माणसाची विटंबना डोळ्यांदेखत होत असताना किती दिवस गप्प बसायचं, या एकाच प्रश्नाला तिथला प्रत्येक जण आपापल्या स्वभावानं भिडतो. आशयसूत्र म्हणतात ते हेच. कुणी ते बोलून दाखवत नाही, पण प्रत्येक प्रवेश त्याच्याच ओढीनं पुढे सरकतो.

आपल्याकडे विषयालाच आशय समजायची सवय पडलीय. पूर, दुष्काळ, हुंडा, ऊसतोड हे सगळे विषय झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हापासून पुराच्या कथा पुष्कळ वाचल्या. बहुतेकींच्या शेवटी माणुसकी जिंकते. माणुसकी जिंकली ती खरीच, मीही पाहिलीय. पण तेवढ्यानं कथा होत नाही.

मध्यंतरी कॉलेजातल्या एका मुलीनं तिची कथा वाचायला दिली. गावभागातलं घर, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी, बोट दाराशी आणि आजोबा हटून बसलेले. घाईघाईत सून कपाटावरची पत्र्याची पेटी काढते, पदराखाली धरते आणि बोटीत चढते. पेटीत घराचे कागद आहेत. मध्येच, जाता जाता एक वाक्य येतं : त्यातल्या एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं. आणि शेवटी पुन्हा परिच्छेदभर माणुसकी.

मी म्हटलं, "अगं, तुझी कथा त्या वाक्यात आहे."

ती म्हणाली, "सर, ते मी सहज लिहिलं होतं."

सहज आलं म्हणूनच ते मोलाचं. "मग हे आधी ठरवून लिहायचं का?" तिनं विचारलं. माझं मत स्पष्ट आहे : नाही. आधी ठरवलं की पात्रं भाषण ठोकायला लागतात. पहिला खर्डा मोकळ्या हातानं लिहावा. मग चार दिवसांनी पेन्सिल घेऊन बसावं आणि आपल्या नकळत काय पुन्हा पुन्हा आलंय ते शोधावं. तिच्या कथेत दारावरची आजोबांच्या नावाची पाटी होती, सुनेच्या माहेरचा फोन होता. घर कुणाचं, हा प्रश्न सगळीकडे होताच, फक्त तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या खर्ड्यात तिनं शेवटचा परिच्छेद उडवला. टीव्हीवाल्यांचा एक गमतीदार प्रसंगही काढला. चांगला होता, पण या कथेचा नव्हता. हे काढणं फार जड जातं, आणि सूत्र फुलतं ते याच कामातून. आजोबांच्या हट्टाचं कारणही आता त्याच प्रश्नातून आलं : इथून उठलो तर आपलं काय उरलं? आजोबांचं एक, सुनेचं एक अशी दोन उत्तरं झाली आणि त्यातलं एकही खोटं नाही. नवा शेवट पूर ओसरल्यावरचा. तलाठी पंचनाम्याला येतो, चिखल उपसणाऱ्या सुनेलाच विचारतो, "घर कुणाच्या नावावर?" कथा तिथं थांबते.

आता सांगा, या मुलीनं त्या रकान्यात काय लिहायचं? 'स्त्रियांना मालमत्तेत हक्क द्या'? मग आजोबांचं काय करायचं?

स्पर्धा भरवणाऱ्या मित्रांना हात जोडून विनंती आहे. यंदाच्या अर्जातून तो रकाना काढा. पात्रसंख्या विचारा, कालावधी विचारा, आणि परीक्षकांना संहिता आधी आठवडाभर वाचायला द्या.