टिकोजीराव, लेव्हल एक

रात्री दीड वाजता मी बाजारचौकात पाव हातात धरून उभा होतो आणि तो पाव मला खाता येत नव्हता.

चौक म्हणजे काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या चार ओळी. पाव म्हणजे एक शब्द. भूक मात्र थोड्या थोड्या वेळानं रीतसर कळवली जात होती : 'तुम्हाला भूक लागली आहे.' इतक्या अगत्यानं माझ्या भुकेची चौकशी आमच्या घरात लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर कोणी केलेली नाही.

हे सगळं भाच्यामुळे. माझ्या लॅपटॉपवर एकही धड गेम चालत नाही, असं मी त्याच्यापुढे बोलून बसलो. "मामा, तुमच्या डबड्यावर फक्त मड चालेल," तो म्हणाला. मला 'मढं' ऐकू आलं. पुढे तेच बरोबर निघालं.

मड म्हणजे एकही चित्र नसलेला, नुसत्या मजकुराचा खेळ. तुम्ही हुकूम टाइप करायचा, त्यावर काय घडलं ते खेळ लिहून सांगणार, आणि त्याच वेळी त्याच जगात देशोदेशीची माणसं आपापले हुकूम बडवत असणार. इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं १९७८ साली पहिला मड लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्यानं तो पुढे नेला. माझ्या वाट्याला आलेला डीकू घराण्यातला. हे घराणं कोपनहेगनचं. तिथल्या विद्यापीठाच्या संगणक विभागातल्या मुलांनी १९९१ साली तो बाहेर काढला, आणि डीकू हे नाव विभागाच्याच आद्याक्षरांचं. पुढे त्याच्या शिष्यशाखा उदंड झाल्या. सगळ्यांचा खर्ज एकच, तानांत काय तो फरक.

आत शिरायला टेलनेट लागतं, म्हणजे दूरच्या संगणकाशी नुसत्या मजकुरात बोलणारा जुना प्रोग्राम. विंडोजमध्ये ते असतं, पण व्हिस्टा या आवृत्तीपासून निजवून ठेवलेलं. कंट्रोल पॅनेलात जाऊन त्याला उठवावं लागतं. उठवलं. खेळानं नाव विचारलं. मी 'बाजीराव' टाकलं. हे नाव घेतलेलं आहे. 'मल्हारराव' टाकलं. तेही! आपल्याआधी तिथे कोणी दरबार भरवलाय, या विचारात असताना ही पाणी प्यायला उठली आणि मागून डोकावून म्हणाली, "असे कोण टिकोजीराव लागून गेलात, की तुमच्यासाठी नाव राखून ठेवतील?"

'टिकोजीराव' मोकळं होतं.

मग पासवर्ड. मी टाइप करतोय आणि पडद्यावर काहीच उमटत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड गेला असं वाटून लॅपटॉप उलटा करून झटकला. त्यातून दिवाळीच्या चिवड्यातला एक शेंगदाणा पडला. दिसू नये म्हणूनच दाखवत नाहीत, हे भाच्यानं फोनवर सांगितलं तोवर मी तो शब्द एकापुढे एक सात वेळा भरून बसलो होतो.

तर पाव. मी एकतीस वर्षं कार्यालयात पत्रांचे मसुदे केले आहेत. 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. म्हणून मी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं, की कृपया हा पाव खाण्यास परवानगी मिळावी. उत्तर आलं : 'हं?!?'

मी संक्षेप केलेला नाही. कळलं नाही की डीकू एवढंच म्हणतो : हं, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह. 'प्लीज'नं सुरुवात केली. हं?!? 'काइंडली'नं केली. हं?!? आई शेवटी शेवटी कमी ऐकायची, तीही असंच करायची, पण तिच्या हं-मध्ये उद्गारचिन्ह नसायचं.

मग मानमरातब सोडून सरळ लिहिलं, 'आय वाँट टु ईट ब्रेड'. त्यावर खेळानं माझ्या सामानाची यादी दिली : एक पाव. पुन्हा लिहिलं, पुन्हा यादी. भाचा फोनवर खिंकाळला. "मामा, आय म्हणजे इन्व्हेंटरी! तुम्ही 'मी' म्हणालात की तो तुमच्याजवळ काय काय आहे ते मोजतो. पुढचं ऐकतच नाही."

लग्न जमवायला बसलेल्या मंडळींत ही पद्धत मी पाहिली आहे.

हात मोकळे असलेले बरे, म्हणून मी पाव खाली ठेवला. 'ड्रॉप ब्रेड' त्याला पहिल्या फटक्यात कळलं. लगेच ओळ आली : 'सफाई कामगार थोडा कचरा उचलतो.' आमच्या सोसायटीत जिन्यातली फरशीची पोती आठ महिने हलत नाहीत, आणि इथे माझा ताजा पाव चार सेकंदांत गेला. संतापानं मी 'शाउट' हा हुकूम वापरला आणि माझा पाव कोणी नेला हे जगाला विचारलं. जगानं ते खरंच ऐकलं. फिनलंडहून एकानं सहानुभूती कळवली, ब्राझीलच्या एकानं नुसतंच 'ब्रेड' लिहिलं. पुढचा आठवडाभर मी शिरलो, की कोणीतरी ओरडायचं, "पाव आला!"

उरलेल्या नाण्यांत दुसरा पाव घेतला आणि 'ईट ब्रेड' असे दोनच शब्द लिहिले. खाल्ला गेला. क्रियापद आणि नाम, एवढ्यावर तिथला संसार चालतो. एकतीस वर्षांत मी पाठवलेली किती पत्रं दोन शब्दांत बसली असती, याचा हिशेब मांडायला बसलो होतो. उठलो.

मग भटकंती. उत्तरेला 'एन', दक्षिणेला 'एस'. नकाशा आपला आपण काढायचा. जवळ कागद नव्हता म्हणून मी तो लाइट बिलाच्या पाठीवर काढला : देऊळ, खाली चौक, पश्चिमेला बेकरी. खेळाच्या तळाशी तीन आकडे असतात : जीव, मंत्रशक्ती आणि चालण्याचं बळ. चालून चालून तिसरा आकडा संपला आणि खेळानं सांगितलं, की तुम्ही फार थकला आहात. खुर्चीतून न हलता मी खरोखरच दमलो होतो.

लढण्याआधी समोरच्याचा अंदाज घ्यायला 'कन्सिडर' असतं. हे मला फार आवडलं. असं काही लग्नाच्या, नोकरीच्या वेळी असायला हवं होतं. पहारेकऱ्यावर वापरलं तर उत्तर आलं, वेड लागलंय का? एका मरतुकड्या कुत्र्यावर वापरलं तर आलं : 'अरे, ती कोंबडी कुठे गेली?' मी अर्धा तास ती कोंबडी शोधली. बेकरीत शोधली, देवळात शोधली. समोरचा इतका दुबळा आहे की तो तुम्हाला दिसतही नाही, असा त्याचा अर्थ. भाच्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

त्या कुत्र्याला मारल्यावर अंगात आलं आणि मी मशाल घेऊन गटारात उतरलो. मशाल घेतली की हातात धरायचाही हुकूम द्यावा लागतो, तेवढं शिकलो होतो. ती जळून संपतेही, हे शिकलो नव्हतो. 'मिट्ट काळोख आहे.' पुढच्या ओळी भराभर आल्या : काहीतरी चावलं, काहीतरी पुन्हा चावलं, आणि टिकोजीराव मेले.

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. इथे मेल्यावर देऊळ दिसतं. मी तिथे उघडा, रिकाम्या हातानं, आणि माझी मशाल, पाणी, सोटा सगळं खाली गटारात माझ्या मढ्याशी. चौघांनी उचलायची सोय नाही. आपलं मढं आपणच जाऊन धुंडाळायचं, आणि तेही अंधारात.

या वेळी ओरडलो तेव्हा 'पाव' न म्हणता एकजण आला. म्हणाला, "माझ्या मागे ये." 'फॉलो' हुकूम दिला आणि मी त्याच्या मागून खाली, पूर्वेला, पुन्हा पूर्वेला, उत्तरेला निघालो. तो इतक्या झपाट्यानं जात होता, की माझं वाचून होण्याआधीच पुढची खोली यायची. मी लिहिलं, मशाल तरी लाव, मला काही दिसत नाही. त्यानं लिहिलं, "मलाही नाही. मी जन्मापासून आंधळा आहे. स्क्रीन रीडर वाचून दाखवतो." थोड्या वेळानं पुढची ओळ आली : "इथे अंध खेळाडू पुष्कळ आहेत. वाट चुकलेले बहुतेक डोळस असतात." आणि मग : "तुझं प्रेत इथेच आहे. 'गेट ऑल कॉर्प्स' म्हण."

म्हटलं. सोटा मिळाला, पाणी मिळालं, आणि कुत्र्याच्या आधी विकत घेतलेला एक पाव मिळाला. तो तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. मागच्या वेळेपेक्षा दोन शब्द सुबक पडले.

तीन वाजले होते, आणि आता भूक मला लागली होती. दिवा लावला तर ही उठेल म्हणून स्वयंपाकघरात अंधारातच शिरलो. उत्तरेला फ्रिज, पूर्वेला कट्टा, पोळ्यांचा डबा त्याच्यावर. डबा सापडला. झाकण मात्र हातातून सुटलं आणि फरशीवर गरगरत बसलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"टिकोजीराव."

"हं?!?"